कवा ठरिवलास?

आप्पांनी मला एवढेच विचारले होते: "कवा ठरिवलास?" जुलै महिन्यातली संध्याकाळ होती, वीज गेलेली होती, आणि शेतकऱ्यांचा माल विकून देणाऱ्या आप्पांच्या लातूर बाजारातल्या आडत दुकानात, जिथे मी हिशोब लिहायला होतो, दिवसभराची धूळ अजून खाली बसायची होती. आवक जवळजवळ नव्हतीच. कुणीतरी घरात राखून ठेवलेला हरभरा पेरणीच्या पैशासाठी आणून टाकला होता, त्याच्या सहा-सात कट्ट्यांची थप्पी तेवढी दाराशी होती. गादीच्या कडेला उभा राहून मी चार दिवस घोकलेले वाक्य एका दमात सांगून टाकले: विद्यापीठात एम.ए.ला नंबर लागला आहे, पंधरा दिवसांनी जावे लागेल. आप्पांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला. आता ते विचारतील, की दुसरा माणूस कुठून आणायचा, किंवा चिडून म्हणतील, की सोयाबीनचा हंगाम तोंडावर असताना हे काय काढलेस, अशी माझी तयारी होती. त्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर मी जुळवून ठेवले होते. त्यांनी यातले काहीच विचारले नाही. "कवा ठरिवलास?" मी म्हणालो, "कालच यादी लागली, आप्पा."

यादी कालच लागली होती, हे खरे होते. पण आप्पांचा प्रश्न यादीबद्दल नव्हता.

ही गोष्ट २०१९ ची. मी ठरवले होते ते त्या वर्षीच्या गुढीपाडव्याला, ६ एप्रिलला. दुकान बंद होते, घरात माय पुरण वाटत होती, आणि मी पत्र्याच्या पेटीतून बी.ए.च्या गुणपत्रिका काढून त्यांच्या घड्या सरळ करत बसलो होतो. अर्थशास्त्र घेऊन पदवी झाली त्याला तीन वर्षे उलटली होती. तीन वर्षे मी इतरांच्या सोयाबीनचे, तुरीचे आणि हरभऱ्याचे हिशोब लिहीत होतो, आणि भाव पडला की शेतकऱ्याच्या चेहऱ्याकडे न बघता विक्रीच्या हिशोबाची पट्टी त्याच्या हातात द्यायची सवय मला लागत चालली होती. त्या सवयीची मला भीती वाटू लागली होती, एवढे एकच कारण तेव्हा मला नीट सांगता आले असते. पाडव्याला मी ठरवले आणि जुलैच्या मध्यात आप्पांना सांगितले. मध्ये शंभरएक दिवस गेले. तेवढ्या दिवसांत सोयाबीन पेरून, फुलून, शेंगा भरून काढणीला येते.

त्या शंभर दिवसांचे ओझे माझ्या मनावर अजूनही आहे. नोकरी सोडताना किती दिवस आधी सांगावे, हा प्रश्न आला की लोक महिना, दोन महिने, पंधरा दिवस असे आकडे सांगतात. माझा एक वर्गमित्र तेव्हा पुण्यात हिंजवडीला होता. त्याच्या नेमणुकीच्या पत्रातच ९० दिवस लिहिलेले होते. त्याला निर्णय करायचा नव्हता, फक्त दिवस मोजायचे होते. आमच्याकडे नेमणुकीचे पत्रच नव्हते. दुकाने व आस्थापनांसाठीचा २०१७ चा नवा कायदा दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या ठिकाणांपुरता होता, आणि आमच्या दुकानात गादीवर आप्पा, त्यांचा मुलगा, म्हातारे मुनीम आणि मी, एवढेच होतो. बाहेर पोती उचलणाऱ्या हमालांसाठी १९६९ चा माथाडी कायदा आहे, त्यांची मंडळे आहेत, आणि हे त्यांनी लढून मिळवलेले आहे. आत बसून त्याच पोत्यांचा आकडा लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला मात्र एका तोंडी शब्दावर ठेवलेले असते. "उद्यापासून ये," असे आप्पा म्हणाले होते आणि मी गेलो होतो. जे तोंडी सुरू झाले ते तोंडीच संपवायचे होते, आणि तोंडी शब्दाला किती दिवसांची मुदत असते हे कुठेही लिहिलेले नव्हते.

आमच्या घरात कामावरून सुटण्याची एकच तारीख ठाऊक होती, ती म्हणजे पाडवा. माझे वडील, आबा, सालगडी होते. त्यांचे वडीलही सालगडीच होते. पाडव्याला साल धरायचे आणि पुढच्या पाडव्याला ते संपायचे. मध्ये काय वाटेल ते होवो, साल मोडता येत नसे, कारण साल धरतानाच उचल घेतलेली असे आणि ती घरात येण्याआधीच खर्च झालेली असे. रोख रकमेशिवाय महिन्याची जवारी, वर्षाचा कपड्यांचा जोड, एक घोंगडे, पायताण, असे सगळे बोलणे त्या एका दिवशी होई. मी लहान असताना मला पाडव्याचा सण म्हणजे गुढी किंवा साखरेची गाठी कधी वाटलाच नाही. आबा सकाळी धुतलेला सदरा घालून मालकाच्या वाड्यावर जात आणि दुपारपर्यंत परत येत नसत, त्या वाट बघण्याला आम्ही पाडवा म्हणत होतो. परत आल्यावर माय त्यांच्या तोंडाकडे बघे. ते चुलीपुढे बसून पाणी मागत तेव्हा आम्हाला कळे, की यंदाही तेच शेत, तोच मालक.

एका वर्षी मात्र आबांनी आधी सांगितले होते. मी तेव्हा आठ वर्षांचा असेन. येळवशीचा दिवस होता. वेळ अमावास्येला आमच्या भागात गाव ओस पडते आणि शिवार माणसांनी भरते, हे लातूर-धाराशिवच्या माणसाला सांगायला नको. मालकाच्या शेतात कडब्याची कोप केली होती, आत पांडव मांडले होते, आणि आम्ही गड्याची पोरे बांधाच्या अलीकडे पत्रावळी घेऊन बसलो होतो. भज्जी होती, बाजरीचे उंडे होते, मडक्यातली गार आंबील होती. मालक स्वतः फिरून वाढत होते आणि कुणाला नको म्हणू देत नव्हते. त्या दिवशी सगळेच माणसासारखे वागत होते, असे आबा पुढे म्हणत. त्या भरात जेवण झाल्यावर हात धुता धुता आबा मालकांना म्हणाले, की पुढल्या सालाला मी राहत नाही, पोरांच्या शाळेसाठी लातूरला जावे म्हणतो, आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे तुम्हाला गडी बघायला तीन महिने मिळतील. मालक हसले. "बरं केलास सांगितलास," असे म्हणाले आणि आबांच्या द्रोणात आणखी आंबील ओतली.

पुढच्याच आठवड्यात दुसरा गडी ठरला. मग आमची महिन्याची जवारी बंद झाली, कारण जाणाऱ्याला कशाला द्यायची. आणि उचलीतले जे फिटायचे राहिले होते ते पाडव्याच्या आत रोख मागितले गेले. मायने ज्या डब्यात जवारी ठेवायची त्याचा पत्र्याचा तळ मी त्या पौषात पहिल्यांदा पाहिला. त्याला मधोमध गंज चढलेला होता, आणि माय त्यावर हात फिरवून शेवटचे दाणे गोळा करायची तेव्हा खर्र असा आवाज यायचा. आम्ही लातूरला आलो ते ठरवून आलो नाही, तर घाईने निघून आलो. आबांनी कधी त्या मालकाला शिवी दिली नाही. फक्त मी मोठा होताना, कधीही कुणाच्या कामावर लागण्याचा विषय निघाला की ते एवढे म्हणत: "जायच्या आदल्या दिशीपतुर तोंड उघडायचं न्हाई." हे त्यांनी मला दिलेले व्यवहारज्ञान होते, आणि त्यासाठी आमच्या घराने पुरेपूर किंमत मोजलेली होती.

म्हणून पाडव्याला ठरवूनही मी गप्प राहिलो. पण आप्पा म्हणजे तो मालक नव्हते, हेही मला चांगले ठाऊक होते.

मी दुकानात लागलो तो २०१६ चा उन्हाळा होता. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होते. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नव्हता आणि माय रात्री दोन वाजता घागरी घेऊन टँकरच्या रांगेत उभी राहत असे. आप्पा दुकानासाठी विकतचा टँकर घेत. मी लागल्याच्या चौथ्या दिवशी त्यांनी मला दुपारी पेंगताना पाहिले, कारण विचारले, आणि दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी सायकलला दोन कॅन बांधून पाणी घेऊन जायला सांगितले. पहिल्या दिवशी मी संकोचाने टाकीपासून लांब उभा राहिलो, तर त्यांनी स्वतः कॅनच्या तोंडात नळी धरली. पाऊस पडेपर्यंत हे चालले. आमच्या घरात पाणी कुणाच्या टाकीतून आले आणि कुणी कशा हाताने दिले, याची आठवण पिढ्यान्‌पिढ्या ठेवली जाते. त्यामुळे ती नळी धरलेला त्यांचा हात मी विसरणे शक्य नव्हते. हिशोबाच्या कोणत्याही वहीत ते पाणी लिहिलेले नाही.

आणि तरीही आप्पा मालकच होते. आठ हजारांच्या पगारात तीन वर्षांत हजार रुपयांची वाढ झाली नव्हती. सीझनमध्ये रात्रीचे अकरा वाजत, त्याचे वेगळे काही मिळत नसे. माणूस भला असणे आणि त्याच्याकडे काम करून आपले भागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला पटले होते, पण ते पटल्याने अपराधीपणा कमी होत नव्हता.

विद्यापीठाबद्दल थोडे सांगायला हवे, कारण ते माझ्यासाठी नुसते पुढच्या शिक्षणाचे ठिकाण नव्हते. आमच्या वस्तीत विद्यापीठ हा शब्द आला तो गेटामुळे आला. तिथे काय शिकवतात हे ठाऊक असलेले कुणी आमच्या गल्लीत नव्हते, पण दरवर्षी १४ जानेवारीला गल्लीतली माणसे एसटीने किंवा टेम्पोने औरंगाबादला जात आणि त्या गेटासमोर डोके टेकून परत येत. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली सुरू झाले; त्याला बाबासाहेबांचे नाव द्यावे असा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात झाला, आणि ते नाव प्रत्यक्ष लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. मधल्या साडेपंधरा वर्षांत या मातीत काय काय जळाले, हे आमच्या आजीला पाठ होते. ठरवणे आणि सांगणे यांत किती अंतर असू शकते, आणि त्या अंतरात माणसांचे काय होते, याचा विचार मला पुढे त्या गेटाखालून जाताना पुष्कळदा सुचला. पण तेव्हा, २०१९ च्या जूनमध्ये, अर्ज भरताना, माझ्या डोळ्यांपुढे फक्त एक चित्र होते: आजीने कपाळ टेकले होते त्या गेटातून मी दप्तर घेऊन आत जातो आहे.

तर मी दिवस मोजत होतो. आत्ता सांगितले आणि यादीत नाव आले नाही, तर नोकरीही जाईल आणि विद्यापीठही. यादी लागल्यावर सांगितले, तर हातात तीन आठवडेसुद्धा राहणार नाहीत. महिनाभर आधी सांगितले आणि आप्पांनी लगेच दुसरा माणूस लावला, तर जूनचा आणि जुलैचा पगार बुडेल, आणि वसतिगृह, मेस, पहिल्या महिन्याची पुस्तके, हे सगळे त्या दोन पगारांवर उभे होते. उलट आप्पांच्या बाजूने पाहिले तर सगळ्यात सोयीचा दिवस दिवाळीचा होता. दसऱ्यापासून नवे सोयाबीन सुरू होते, वहीपूजनापर्यंत श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि त्यानंतर कुणी गेले तर दुकान अडत नाही. पण विद्यापीठ दिवाळीपर्यंत थांबत नाही. रात्री पत्र्याखाली पडून मी हे आकडे पुन्हा पुन्हा मांडत असे, आणि प्रत्येक मांडणीत कुणाचे तरी नुकसान उरत असे. आपले की त्यांचे, एवढेच काय ते ठरवायचे होते.

त्या वर्षी पाऊस लांबला. मृग कोरडा गेला, आणि शेतकरी बियाण्या-खताच्या पैशासाठी दुकानात येऊन बसू लागले. आडतीच्या धंद्यात जून हा उचलीचा महिना असतो. आता पैसे न्यायचे आणि दसऱ्याला माल आपल्याच दुकानात घालायचा, हा बोलीचा करार. आप्पा गल्ल्यातून नोटा काढून देत आणि मला सांगत, "लिही, काठीवाल्या मामाला पाच. पानगावच्या मावशीला तीन." मी उचलवहीत तसेच लिहीत असे, कारण काठीवाले मामा कोण, हे आप्पांना ठाऊक होते आणि मला ठाऊक होते. खरे नाव, गाव, आधारवरचा पत्ता, हे विचारायला आप्पांना संकोच वाटे. तीस-तीस वर्षांची माणसे, त्यांना नाव काय विचारायचे. आप्पांची नजर अलीकडे क्षीण झाली होती आणि चेहरे ओळखायला ते माझ्याकडे बघत. प्रत्येक नोंद करताना मला जाणवत होते, की ही नोंद दसऱ्याला वाचायला मी इथे नसेन.

त्याच जूनमध्ये आप्पा एकदा फार खुशीत होते. दुकानातला संगणक जुना झाला होता, टॅली उघडायला पाच मिनिटे लागत. ते म्हणाले, दिवाळीला नवा घेऊ, तुझ्या पसंतीचा, जा, गांधी चौकातून भाव काढून आण. मी गेलो. तीन दुकानांतून दरपत्रके आणली, त्यांची तुलना करून एका कागदावर नीट मांडली, आणि आप्पांना समजावून सांगितले की यात आठ जीबी रॅम आहे, आपल्याला पाच-सात वर्षे बघायला नको. त्यांनी तो कागद घडी करून बंडीच्या खिशात ठेवला. त्या कागदाची मला आजही लाज वाटते. नुसते गप्प बसणे वेगळे, आणि आपण नसणार आहोत त्या दिवाळीची तयारी चेहरा सरळ ठेवून करणे वेगळे. आबांच्या शिकवणीत या दुसऱ्या गोष्टीबद्दल काही सांगितलेले नव्हते.

आप्पांना सांगितल्यावर त्यांनी मला काढून टाकले नाही, पगार कापला नाही, आवाजही चढवला नाही. दोन दिवसांनी औशाकडचा एक मुलगा गादीवर येऊन बसला. त्याची नुकतीच बारावी झाली होती, अक्षर सुरेख होते, आणि मी सांगेन ते तो वहीच्या मागच्या पानावर टिपून घेत असे. मी त्याला पट्टी कशी काढायची ते शिकवले: एकूण वजन, त्यातून बारदान वजा, मग हमाली, तोलाई, आणि खाली उरलेली रक्कम अक्षरी. टॅलीतल्या नोंदी त्याने तीन दिवसांत उचलल्या. ज्या गोष्टींना रकाने होते त्या सगळ्या पंधरा दिवसांत शिकवून झाल्या. ज्या गोष्टींना रकाना नव्हता त्या मात्र त्याला समोर माणूस आल्याशिवाय सांगता येत नव्हत्या, आणि जुलैत माणसे येत नव्हती. ती शेतात होती, आभाळाकडे बघत. उचलवही मी त्याच्यापुढे उघडली, पाने उलटली, चार-पाच नावांचे खुलासे केले, आणि बाकीचे आप्पा सांगतील असे म्हणून मिटली. आप्पांना ती सगळी माणसे सांगता येणार नाहीत हे मला ठाऊक होते. पण तोवर माझे मन निघून गेले होते.

शेवटच्या दिवशी पगार झाला. बहिणीच्या लग्नाला मी आप्पांकडून वीस हजारांची उचल घेतली होती. महिन्याला हजार कापून जात होते आणि सहा हजार राहिले होते. आप्पा म्हणाले, "राहू दे ते. दिवाळीला येशील की, वहीपूजनाला बघू." मी नको म्हणालो. पगाराच्या आठ हजारांतले सहा हजार मी त्यांच्यापुढे गादीवर मोजून ठेवले. दोन हजार खिशात राहिले, आणि वसतिगृहाचे काय करायचे हा प्रश्न त्या क्षणी मी मनातून ढकलून दिला. त्यांनी पुन्हा एकदा म्हटले, "अरे, राहू दे की." मी म्हणालो, "नको आप्पा, खातं मिटवा." माझा आवाज नको इतका कठोर झाला असणार, कारण मुनिमांनी मान वर करून पाहिले. आप्पांनी मग वही ओढली, माझे पान काढले, लाल शाईच्या पेनाने त्यावर कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकी रेघ मारली आणि खाली लिहिले: बेबाक. शाई थोडी पसरली. त्यांनी तो शब्द लिहून होईपर्यंत माझ्याकडे एकदाही पाहिले नाही.

आमच्या घरात आजवर कुणाचे खाते असे पुरते फिटून बेबाक झाले नव्हते. आबांचे नव्हते, त्यांच्या वडिलांचे तर साल मरणाने मोडले. म्हणून मला तो शब्द माझ्या पानावर हवा होता, आणि तो पाहताना छातीत जे उसळले ते सुख होते हे मी नाकारणार नाही. पण ज्या माणसाने पुढे यायला एक निमित्त म्हणून ते सहा हजार मोकळे ठेवू पाहिले, त्याचा तो हात मी दोर समजून झटकला. कदाचित तो दोर होताही. मला आजही ठरवता येत नाही. उघडे खाते म्हणजे माया की बांधून ठेवणे, हे माझ्यासारख्या घरातून आलेल्या माणसाला नुसत्या बघण्याने कळत नाही. आधी झटकून होते, आणि विचार मागून येतो.

दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी धरली. अंबाजोगाई, केज, मांजरसुंबा, बीड, गेवराई करत गाडी जात होती आणि दोन्ही बाजूंना पेरून ठेवलेली पण धड न उगवलेली रानं दिसत होती. शहागडला गोदावरीच्या पुलावरून खाली पाहिले तर पात्रात वाळूच जास्त होती. त्या वर्षी औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, कृत्रिम पावसाचे विमान उडणार असे पेपरात येत होते. वसतिगृहाचे पैसे एका वरच्या वर्गातल्या मुलाने भरले आणि पुढे मी कमवा व शिका योजनेतून त्याचे फेडले. ती हकिकत इथे नको. मी शिकू लागलो, लेण्यांच्या डोंगराकडे तोंड केलेल्या खिडकीशी बसून किमतीचे सिद्धान्त वाचू लागलो, आणि हळूहळू आप्पांचा प्रश्न मागे पडतो आहे असे वाटू लागले.

ऑक्टोबरच्या शेवटी फोन आला. न पडलेला सगळा पाऊस त्या महिन्यात पडत होता, आणि काढून गंजी लावलेले सोयाबीन मराठवाडाभर भिजत होते. सरकारचा हमीभाव क्विंटलला ३,७१० रुपये होता, पण तो बारा टक्के ओलीच्या मालाला; भिजून काळ्या पडलेल्या दाण्याकडे कोण बघणार. फोनवर औशाचा तो मुलगा होता, मागे काट्याचा आणि माणसांचा गलका. "दादा, एक मामा आलेत. म्हणायलेत, मिरगात पाच हजार नेलते, त्ये ह्यात वळते करा. वहीत तर नाव घावंना." मी विचारले, "जूनच्या पानावर काठीवाले मामा बघ." पाने उलटल्याचा आवाज आला. "हाय की. पन दादा, ह्यांच्या हातात तर काठीच न्हाई." काठी तीन वर्षांपूर्वी सुटली होती, पाय बरा झाला होता, नाव तेवढे मागे राहिले होते. मी त्याला हे सांगितले. तो म्हणाला, "आप्पाला बी वळखू येईना गेलं. मामा लई वरडले. म्हणाले, तीस साल माल घातलो, आता वळख बी न्हाई का."

त्या रात्री वाचनालयात पुस्तक उघडे ठेवून मी एक कोरा कागद घेतला आणि आठवतील तशी ती नावे लिहून काढली. पानगावच्या मावशी, म्हणजे कोण, त्यांच्यासोबत येणारा मुलगा कुठला, माल कुणाच्या ट्रॅक्टरमधून येतो. एसटीवाले अण्णा, जे कधीच एसटीत नव्हते, पण जावई आहे. रेणापूरकडचे दोघे भाऊ, ज्यांची उचल एकत्र लिहिलेली आहे आणि जे आता वेगळे निघाले आहेत. अकरा झाली. प्रत्येक नावापुढे मी चेहऱ्याची खूण लिहिली. हे काम जुलैतल्या एका दुपारचे होते; मी ते तीन महिने उशिरा करत होतो, आणि मधल्या काळात एका माणसाला भरल्या दुकानात आपली ओळख पटवून द्यावी लागली होती. कागदाचा फोटो काढून पाठवला.

सकाळी आप्पांचा फोन आला. "बघितलो. अकरा हैत," ते म्हणाले. "आनिक हैत का?" मी म्हणालो, दोन-तीन असतील, आठवले की सांगतो. ते बरे म्हणाले आणि फोन ठेवणार असे वाटले, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेले. त्यांच्याशी बोलताना माझी भाषा आपोआप लातूरची होत असे, तशीच झाली. "आप्पा, तुम्ही त्या दिशी विचारलाव, कवा ठरिवलास म्हणून. मी पाडव्यालाच ठरिवलो होतो."

पलीकडे काट्यावर लोखंडी माप ठेवल्याचा आवाज आला, कुणीतरी वजन ओरडून सांगितले.

"हां," आप्पा म्हणाले. मग थोडे थांबून, "हिकडं सगळं भिजायलंय रं. तिकडं हाय का पाऊस?"

मी खिडकीतून पाहिले. डोंगर दिसत नव्हता. "हाय, आप्पा," मी म्हणालो, "रात्रीपासून लागून हाय."